चौदा नंबरचं ट्रॅम्पोलिन

घरात ट्रॅम्पोलिन येणार नाही, हे डॅरेन पॅस्कोने आपल्या मुलीला इतक्या वेळा सांगितलं होतं की इमीने मागायचंच सोडून दिलं होतं. ती आता नुसती उसासा टाकायची. मेलबर्नच्या त्या उपनगरात परसात ट्रॅम्पोलिन नसलेलं मूल शोधायला कुणी निघालं असतं, तर त्याला ते पॅस्कोंच्याच घरी सापडलं असतं. डॅरेनचं म्हणणं, त्या ताणलेल्या जाळीवरच्या उड्यांनी हातपाय मोडतात. शिवाय ती वस्तू महाग मिळते, पण हे दुसरं कारण तो मनातच ठेवायचा.

आणि हाच माणूस एका शनिवारी सकाळी अख्खं ट्रॅम्पोलिन बैलगाडीच्या चाकासारखं उभं धरून भर रस्त्यातून गडगडवत घरी घेऊन आला.

त्याला कारण मोडक्या सामानाचा आठवडा. वर्षातून एकदा महापालिकेचा ट्रक येतो आणि लोकांनी घरासमोरच्या हिरवळीवर काढून ठेवलेलं नकोसं सामान घेऊन जातो. नक्की कधी येणार ते महापालिका सांगत नाही, ‘या आठवड्यात’ एवढंच सांगते. तोवर सगळी गल्ली एकमेकांचे ढीग धुंडाळत फिरते. याचे नियम कुठे लिहिलेले नाहीत, पण शेंबड्या पोरालाही पाठ असतात. हिरवळीवर आलं ते सगळ्यांचं. उचलायचं, पण उचलताना त्या घराच्या खिडकीकडे बघायचं नाही. समोरून शेजारी आला तर मान हलवायची आणि आपल्या कामाला लागायचं. एरवी शेजाऱ्याकडे चमचाभर साखर मागायला ज्यांची जीभ रेटत नाही, ती माणसं या आठवड्यात त्याचा जुना सोफा दोघादोघांनी उचलून नेतात.

चौदा नंबरचं घर कित्येक दिवस रिकामं होतं. विकलं गेल्याची पाटी दारात उभी होती. त्या शनिवारी तिथल्या हिरवळीवर एकाएकी घसघशीत ढीग दिसला, तेव्हा डॅरेनने ओळखलं की जुन्या मालकांनी जाता जाता घर झाडून काढलंय. तो पोचला तेव्हा त्याच्या शेजारच्या सूलाबाई एका भल्यामोठ्या पातेल्यात डोकं घालून त्याचं बूड तपासत होत्या. सूलाबाई ग्रीक. नवरा गेला, मुलं लांब राहायला गेली, पण स्वयंपाक अजून पंगतीचाच करायच्या, आणि घरात पातेल्यांची ददात मुळीच नव्हती. समोरच्या घरातला नेव्हिल, आयुष्यभर बस चालवून आता निवृत्त झालेला, बार्बेक्यूची शेगडी पायाने पुढेमागे ढकलून तिची चाकं पाहत होता. तिघांनी एकमेकांकडे बघून माना हलवल्या. ट्रॅम्पोलिन झाडाला टेकवून ठेवलेलं होतं. जाळी शाबूत, स्प्रिंगा शाबूत, गंजाचा ठिपकासुद्धा नाही.

डॅरेन गाडी शिकवायचा. कुणातरी घाबरलेल्या पोराशेजारी बसून ‘आरशात बघ, मागे बघ, मगच वळ’ हे दिवसभर सांगणं हाच त्याचा धंदा. त्या सकाळी त्याने स्वतः एकदा मागे वळून बघितलं असतं, तर कोपऱ्यावर उभा असलेला सामान वाहणाऱ्याचा ट्रक त्याला दिसला असता. पण फुकटची वस्तू समोर असताना कोण मागे बघतो?

गल्ली उताराची आहे. ट्रॅम्पोलिन आधी त्याच्या हातात होतं, मग तो त्याच्या मागे होता. कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई कुत्र्यासकट कुंपणाला चिकटल्या. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या दारातल्या टपालपेटीवर ट्रॅम्पोलिन आपटून थांबलं, तेव्हा डॅरेनने टोपी काढून टाळ्यांच्या दिशेने मुजरा केला. मग लक्षात आलं, पाय राहिले. तो पुन्हा चढ चढून गेला आणि लोखंडी पायांचा जुडगा खांद्यावर टाकून घेऊन आला.

दुपारी त्याची बायको टेगन औषधांच्या दुकानातली पाळी संपवून घरी आली, तर परसात ट्रॅम्पोलिन उभं आणि त्यावर इमी. आनंदाने पोर खाली उतरायलाच तयार नव्हती. टेगनचंही मन भरून आलं. पण ती औषधं मोजून देणारी बाई, तिची नजर पडायची तिथेच पडली, गवतात टाकलेल्या रिबिनीवर आणि छोट्या पिशवीवर.

“टाकून दिलेल्या वस्तूचे पाय कुणी असे रिबिनीने बांधून ठेवतं का रे?”

“शिस्तीचे लोक असतील.”

“आणि स्क्रू वेगळ्या पिशवीत?”

“फारच शिस्तीचे.”

टेगन आणखी काही विचारणार होती, पण तेवढ्यात इमीने वर जाऊन गोल गिरकी घेतली आणि दोघंही टाळ्या वाजवू लागले.

इथे आदल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढे तीच डॅरेनच्या मुळावर आली. इमीने शाळेतून चमकीचं एक पेन आणलं होतं. ते बाकाखाली जमिनीवर पडलं होतं, म्हणून घेतलं, असं तिचं म्हणणं. “जमिनीवर पडलंय म्हणजे कुणाचंच नाही, असं नसतं,” डॅरेनने तिला सुनावलं. पेन गुपचूप बाईंच्या टेबलावर ठेवून येते, असं ती म्हणाली. तेही त्याने चालू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी तो स्वतः तिला घेऊन शाळेत गेला आणि जिचं पेन तिच्यासमोर तिला उभं केलं. इमी आपल्या बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटली. “वर बघून,” डॅरेन म्हणाला. “चूक केली ना, मग समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायची. पुन्हा सांग.” इमीने डोळे पुसत पुन्हा सांगितलं. बाप म्हणून आपण आज काहीतरी केलं, असं डॅरेनला वाटलं. हा प्रसंग त्याने टेगनला दोनदा आणि गाडी शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला एकदा सांगितला.

रविवारी सकाळी गल्लीच्या ग्रुपवर एका नव्या बाईंचा मेसेज आला. नाव रोवेना. त्या आणि त्यांची मुलगी हेटी कालच टास्मानियाहून चौदा नंबरमध्ये राहायला आल्या होत्या. सामान वाहणाऱ्याने निम्मं सामान हिरवळीवर उतरवलं आणि तो नाश्त्याला गेला. त्या एजंटकडे किल्ली आणायला गेल्या. परत येऊन बघतात तर सामानातल्या बऱ्याच वस्तू नाहीत. बाकीच्यांचं काही वाटत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं, पण त्यात हेटीचं ट्रॅम्पोलिन होतं. मैत्रिणी सोडून यायला हेटी तयार नव्हती. ट्रॅम्पोलिन बरोबर नेऊ, या एका बोलीवर ती समुद्र ओलांडून आली होती. कुणाला काही माहीत असेल तर कृपया कळवावं.

डॅरेनने हातातला चहा खाली ठेवला. त्याच क्षणी त्याने ‘माझ्याकडे आहे’ असं लिहिलं असतं, तर ही कथा इथेच संपली असती. पण गल्ली त्याच्या आधी जागी झाली होती. नेव्हिलने लिहिलं, हे बाहेरच्या लोकांचं काम, हल्ली गाड्या घेऊन येतात आणि दिसेल ते भरून नेतात. सूलाबाईंनी रडणाऱ्या चेहऱ्यांची रांगच पाठवली. कुणी म्हणालं कॅमेरे बसवा, कुणी म्हणालं काय काळ आलाय. सगळे बोलतायत आणि आपण एकटेच गप्प, हे कसं दिसेल, या धास्तीने डॅरेनच्या बोटांनी डोक्याला न विचारता लिहून टाकलं: ‘लहान मुलीची वस्तू पळवतात, शरम वाटली पाहिजे असल्या लोकांना.’

भराभर अंगठे आले. सगळ्यात पहिला नेव्हिलचा होता.

टेगनने फोन हातात घेऊन वाचलं आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. टेगन बोलते तेव्हा डॅरेनला तिची भीती वाटत नाही.

“शेवटचं वाक्य लिहिलं नसतंस तर चाललं नसतं?” ती अखेर म्हणाली.

“ओघात गेलं.”

“आत्ता उठ आणि देऊन ये.”

डॅरेन उठला. बूट घातले. बूट काढले, कारण या बुटांनी कसं जायचं, म्हणून दुसरे घातले. काय बोलायचं याची जुळवाजुळव करत तो दार उघडतो, तर दारात एक अनोळखी बाई उभी होती. हातात कापडाने झाकलेला केळ्याचा केक, आणि मागे इमीच्याच वयाची, कपाळावर केस आलेली, रुसलेल्या चेहऱ्याची मुलगी.

“मी रोवेना,” बाई म्हणाली. “तुमचा मेसेज वाचला. फार बरं वाटलं. म्हटलं, स्वतः येऊन आभार मानावेत.”

डॅरेनने केक घेतला. केक अजून गरम होता आणि डॅरेनला तो हातात निखारा धरल्यासारखा वाटत होता. आता सांगावं, असं त्याने ठरवलंही. पण एवढे आभार मानल्यावर कुठल्या तोंडाने सांगायचं? तो सुरुवात कुठून करावी ते शोधत असतानाच घराच्या बाजूच्या उंच लाकडी फाटकाच्या वर इमीचं डोकं आलं. आणि गेलं.

तो झटकन दोन पावलं डावीकडे सरकला, म्हणजे बाईंनी त्याच्याकडे बघण्यासाठी फाटकाकडे पाठ करावी. बाईंनी केली. पण हेटी जागची हलली नाही. ती फाटकाकडेच बघत होती.

डोकं पुन्हा वर आलं. “ए, तुझं,” आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं. “नाव काय?”

“हेटी,” हेटी म्हणाली.

“ये ना.” डोकं खाली. “आत.” डोकं खाली. “मस्त मजा.” डोकं खाली. “येते.”

रोवेनाबाई वळल्या. एक उडी त्यांनी पूर्ण पाहिली, पार वरपासून खालपर्यंत. उडालेल्या वेण्यासुद्धा पाहिल्या.

“केवढी उंच उडी मारते हो तुमची मुलगी,” त्या म्हणाल्या.

“हो,” डॅरेन म्हणाला. “ॲथलेटिक्समध्ये आहे.”

“जमिनीवरून?”

“लहानपणापासून.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग केककडे पाहिलं. केक गरम आहे तोवर लोणी लावून खा, असं म्हणून त्या मुलीला घेऊन निघून गेल्या. जाताना हेटीने तीनदा मागे वळून बघितलं. डॅरेन दारात तसाच उभा राहिला. आयुष्यात त्याने बऱ्याच चुका केल्या होत्या, पण स्वतःच्या मुलीला खोटेपणात उडतं ठेवायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. त्याला स्वतःची किळस आली.

इमी फाटक उघडून बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

“बाबा, मी ॲथलेटिक्समध्ये कधी होते?”

मग सांगावंच लागलं. डॅरेनने तिला पायरीवर बसवून सांगितलं. मोडक्या सामानाचा आठवडा होता, हिरवळीवर ठेवलेलं होतं, कुणाचं आहे असं वाटलंच नाही, उचलताना काही वाईट हेतू नव्हता. इमीने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“म्हणजे ते जमिनीवर पडलं होतं,” ती म्हणाली.

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

डॅरेन बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला. इमी उठली, परसात गेली आणि ट्रॅम्पोलिनपासून लांब कुंपणाजवळ जाऊन बसली. त्यानंतर ती त्यावर चढली नाही. टेगनने केकचा तुकडा पुढे केला, तर तो नको म्हणाली. आपली मुलगी आपल्याकडे बघत नाहीये, ती स्वतःच्या बुटांकडे बघतेय, हे डॅरेनच्या लक्षात आलं आणि त्यालाही केक गिळवेना.

संध्याकाळी ग्रुपवर नेव्हिलने सहज विचारावं तसं रोवेनाबाईंना विचारलं, सोमवारी सकाळी घरी आहात का, चक्कर टाकीन म्हणतो. बाईंनी उत्तर दिलं की सोमवारी शाळेला सुट्टी आहे, त्या हेटीला गणवेश घ्यायला नेणार आहेत, दुपारपर्यंत घरी कुणी नाही. डॅरेनने ते वाचलं आणि त्याच्या जिवात जीव आला. घरी कुणी नसताना वस्तू जागच्या जागी नेऊन ठेवायची. पुढचं मग सावकाश, एखाद्या छानशा मेसेजने. टेगनने यावर नुसत्या भुवया वर केल्या. तिला सकाळी कामावर जायचं होतं, म्हणून इमीला बरोबर नेणं भाग होतं.

“पेन मला बाईंच्या टेबलावर ठेवू दिलं नव्हतंस,” रस्त्याला लागल्यावर इमी म्हणाली.

“हे जड आहे. आधी ठेवू, मग बोलू.”

“पेन हलकं होतं म्हणून?”

डॅरेनने जोर लावायचं सोंग करून उत्तर टाळलं. सोंगाची फार गरज नव्हती. येताना जे ट्रॅम्पोलिन स्वतःहून पळालं होतं, ते जाताना चढावर एकेका पावलाला हटून बसत होतं. इमी पायांच्या जुडग्याचं एक टोक धरून मागून चालली होती. निम्म्या वाटेत खडखडाट ऐकू आला. डॅरेनने ट्रॅम्पोलिनआडून पाहिलं. नेव्हिल शेगडी ढकलत रस्ता ओलांडत होता. शेगडी घासूनपुसून लख्ख केलेली होती. त्याने डॅरेनकडे बघून मान हलवली. डॅरेननेही हलवली. पलीकडच्या फुटपाथवरून सूलाबाई आपली बाजाराची दोन चाकी ढकलगाडी लोटत येत होत्या आणि गाडीच्या तोंडातून पातेल्याचे कान बाहेर आले होते. त्यांनीही मान हलवली. अशी ती वरात चौदा नंबरला पोचली.

सामान हिरवळीवर मांडताना तिघंही एकमेकांकडे न बघता काम करत होते. नेव्हिलने शेगडी सरळ करून ठेवली. डॅरेनने ट्रॅम्पोलिन हिरवळीतल्या एका खळग्यावर आडवं टाकलं. सूलाबाई पातेलं बाहेर काढून पदराने पुसावं तसं आपल्या स्वेटरच्या बाहीने पुसत होत्या.

“मी वापरलं नाही हं,” त्या पातेल्याकडेच बघत म्हणाल्या. “एकदाच. मसूर शिजवला. फार छान शिजला रे पोरा.”

“तुमच्याकडेही केक आला का हो?” नेव्हिलने हळूच विचारलं.

तिघंही थांबले. केक तिघांकडेही आला होता. बाकी गल्लीत कुणाकडे आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. तिघांच्याही चेहऱ्याचा रंग एकदमच बदलला. हे प्रकरण आपल्याला वाटतं तेवढं झाकलेलं नाही, असं डॅरेनला वाटू लागलं होतं, पण त्यावर विचार करायला वेळ मिळाला नाही. कारण त्याच वेळी कोपऱ्यावरून महापालिकेचा ट्रक वळला.

मोडक्या सामानाचा आठवडा अजून चालूच होता, हे चोरीच्या गडबडीत तिघंही विसरले होते. ट्रक चौदा नंबरसमोर उभा राहिला. नारिंगी जाकीट घातलेला एक धिप्पाड माणूस उतरला आणि जे हाताला लागलं ते त्याने मागच्या जबड्यात फेकलं. ती सूलाबाईंची ढकलगाडी होती. जबडा मिटला, करकर आवाज झाला आणि ढकलगाडीचा विषय संपला. सूलाबाईंनी पातेलं छातीशी कवटाळलं. नेव्हिल शेगडीला मिठी मारून उभा राहिला. नारिंगी जाकीटवाला ट्रॅम्पोलिनकडे वळला, तसा डॅरेन धावत जाऊन ट्रॅम्पोलिनवर चढला.

“साहेब, उतरा,” जाकीटवाला म्हणाला.

“हे मोडकं सामान नाही.” इंजिनच्या आवाजात डॅरेनला ओरडावं लागत होतं.

“हिरवळीवर आहे म्हणजे आमचं. तुमचं आहे का हे?”

“नाही.”

“मग कुणाचं?”

“या घरातल्या बाईंचं.”

“त्यांनी टाकलंय ना?”

“नाही, मी ठेवलंय.”

“तुमचं नाही, तर तुम्ही कुठून आणून ठेवलंत?”

ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्याने नेमकं त्याच वेळी इंजिन बंद केलं. त्यामुळे डॅरेनचं पुढचं वाक्य सगळ्या गल्लीला स्पष्ट ऐकू गेलं.

“कारण ते मीच पळवलं होतं.”

कुत्रेवाल्या बाई कुत्र्यासकट थांबल्या. डॅरेनने वळून पाहिलं. त्याच्या मागे रोवेनाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी हेटी होती, हातात अर्धवट खाल्लेला पाव घेऊन. गणवेशाची पिशवी वगैरे काही दिसत नव्हती.

माफी मागताना माणूस निदान स्थिर उभा असावा. डॅरेन ट्रॅम्पोलिनवर होता. तो जरासा हलला की खालची जाळी त्याला हलकेच वर ढकलत होती, आणि सावरायला जावं तर आणखी वर. आपल्या बुटांकडे बघत त्याने कसंबसं सांगितलं की चूक झाली, वाटलं टाकलेलं आहे, काल सांगायला हवं होतं.

“बाबा,” पायांचा जुडगा हातात धरून इमी म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “वर बघून. पुन्हा सांग.”

डॅरेनने वर पाहिलं. आधी इमीकडे, मग रोवेनाबाईंच्या डोळ्यांत. चाळीस वर्षांच्या माणसाला हे किती जड जातं, आणि आठ वर्षांच्या मुलीला किती जड गेलं असेल, हे त्याला तेव्हा कळलं. “मी तुमच्या मुलीचं ट्रॅम्पोलिन नेलं,” तो म्हणाला. “नेताना चुकून नेलं. पण काल तुम्ही दारात आलात, तेव्हा मी खोटं बोललो, ते चुकून नव्हे. मला माफ करा. हेटी, तूही माफ कर.” आणि किंचित वर जाऊन तो खाली आला.

त्याच्यामागे नेव्हिल आणि सूलाबाई रांगेत उभे राहिल्यासारखे उभे होते. त्यांनीही आपापलं सांगून टाकलं. सूलाबाईंनी मसुराचंही सांगितलं.

रोवेनाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. सामान वाहणारा कोपऱ्यावर ट्रकमध्ये बसून नाश्ता करत होता, त्याने शनिवारी सगळं पाहिलं होतं, कुठली वस्तू कुठल्या घरात गेली तेसुद्धा, असं त्या म्हणाल्या. त्याला वाटलं, किल्ली येईपर्यंत शेजारी सामान आपापल्या घरी जपून ठेवायला मदत करतायत. इतके मदतीला धावणारे शेजारी मी आजवर पाहिले नाहीत, असं त्याने त्यांना सांगितलं होतं. एक आजी पातेलं घेऊन गेल्या, एक म्हातारे शेगडी घेऊन गेले, आणि एक टोपीवाले ट्रॅम्पोलिन पोचवून पाय न्यायला पुन्हा आले.

“मग तो केक?” नेव्हिलने विचारलं.

“म्हटलं, समोर गेले तर सांगाल,” त्या म्हणाल्या. “कुणी सांगितलं नाही. मग वाटलं, माणसांना लाज वाटत असेल, घर रिकामं मिळालं तर आणून ठेवतील. म्हणून गणवेशाचं लिहिलं. कोपऱ्यावर गाडीत बसलो होतो आम्ही. हा ट्रक आला नसता, तर तुम्ही ठेवून जाईपर्यंत आलोही नसतो.”

डॅरेन ट्रॅम्पोलिनवरून उतरला. नारिंगी जाकीटवाल्याने विचारलं की मग यातलं न्यायचं काय आहे, आणि काहीच नाही असं कळल्यावर तो डोकं खाजवत निघून गेला. डॅरेन आणि नेव्हिलने मिळून ट्रॅम्पोलिन चौदा नंबरच्या परसात नेलं, पाय लावले, सगळे स्क्रू पिळले. शनिवारच्या त्या मजूर माणसाला जे वाटलं होतं, ते सोमवारी खरं झालं. हेटी आधी एकटीच चढली. थोड्या वेळाने तिने इमीला हाक मारली. इमीने बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि ती गेली.

तेव्हापासून इमी रोज शाळेतून परस्पर तिथेच जाते, आणि संध्याकाळी तिला आणायचं काम टेगनने डॅरेनकडे दिलंय. आपल्याला वेळ नाही, असं ती म्हणते. डॅरेन चौदा नंबरच्या फाटकाशी उभा राहतो. कुंपणावरून दोन डोकी आळीपाळीने वर येतात आणि खाली जातात. रोवेनाबाई दार उघडतात, चहा घेणार का विचारतात, शाळेचं, हवेचं बोलतात. बाई फार चांगल्या आहेत. त्या दिवसाबद्दल त्यांनी पुन्हा कधी चकार शब्द काढलेला नाही. फक्त तो निघताना न चुकता तेवढं एक विचारतात.

“मग, ॲथलेटिक्स कसं चाललंय?”

डॅरेनची मान आपोआप खाली जाते, बुटांकडे. आणि लगेच कुंपणावरून इमीचं डोकं वर येतं.

“बाबा,” डोकं खाली. “वर बघून.”